पाप कोणत्या भाषेत केलं?

2005च्या डिसेंबरात टँजियर शहरात मोरोक्कोचा राष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला होता. स्पर्धेत ‘मारोक’ होता, लैला मराक्शी या तिशीतल्या दिग्दर्शिकेचा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. त्याच वर्षी मे महिन्यात तो फ्रान्सच्या कान चित्रपट महोत्सवात, ‘अं सर्तें रगार’ विभागात दाखवला गेला होता, त्यामुळे टँजियरला पोचण्याआधीच त्याचा बोलबाला झालेला. तिथे मोहम्मद अस्ली या दिग्दर्शकाने जाहीर हरकत घेतली : हा चित्रपट मोरोक्कन नाहीच, मग आपल्या स्पर्धेत त्याचं काय काम? मराक्शी यांचा जन्म कासाब्लांकाचा, चित्रपटाची गोष्ट कासाब्लांकाची, चित्रीकरणही तिथलंच. तरी परकेपणाचा शिक्का बसला. बाई शिकल्या पॅरिसला, राहतात पॅरिसला, नवरा फ्रेंच दिग्दर्शक, आणि निर्मितीतला बराचसा पैसाही फ्रान्सचा.

पुढचे पाच-सहा महिने हा वाद धुमसत राहिला. तेव्हा विरोधी बाकांवर असलेला इस्लामवादी ‘न्याय आणि विकास पक्ष’, म्हणजे पीजेडी, आणि त्याच्या विचारांचं ‘अत्तजदीद’ हे वृत्तपत्र यांनी चित्रपटावर तोफ डागली. धर्माचा अपमान, देशाची बदनामी, तरुण पिढी बिघडवण्याचा डाव... मराठी वाचकाला ही यादी पाठ असेल, नावं बदलली की झालं. मात्र बंदी काही आली नाही. 2006च्या मे महिन्यात ‘मारोक’ मोरोक्कोत एकही कात्री न लागता प्रदर्शित झाला आणि त्या वर्षी सर्वाधिक चाललेल्या चित्रपटांत जाऊन बसला. सरकारी चित्रपट केंद्राचे तेव्हाचे प्रमुख नूर-एद्दीन साइल चित्रपटाच्या बाजूने ठाम उभे राहिले होते. उदारमतवादी मंडळींनी हा आपला विजय मानला.

मला तो विजय कधीच पुरता पटला नाही. ‘मारोक’ला परवानगी मिळाली ती अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या तत्त्वावर मिळाली असती, तर तेच तत्त्व नऊ वर्षांनी दुसऱ्या एका चित्रपटालाही लागू झालं असतं. ते झालं नाही. मोरोक्कोच्या सत्तेने या दोन चित्रपटांना जी वेगवेगळी वागणूक दिली, तिच्यातून मला दिसतं ते असं, की तिथे काय दाखवलं यापेक्षा कोणाचं दाखवलं आणि कोणत्या भाषेत दाखवलं यावर जास्त अवलंबून असतं. बड्या घरच्या पोरांनी फ्रेंचमध्ये केलेलं पाप खपून जातं. गरीब बायकांनी दारिजात, म्हणजे मोरोक्कोच्या रोजच्या बोलीत केलं, की देशाची अब्रू जाते.

आधी ‘मारोक’मध्ये आहे काय ते पाहू. काळ 1997चा. रिता ही कासाब्लांकाच्या श्रीमंत वस्तीतली मुस्लिम मुलगी. शाळा फ्रेंच, बारावीच्या तोडीची ‘बाक’ परीक्षा तोंडावर आलेली, आणि रमजान सुरू. रिता रोजे पाळत नाही. रात्री गाड्या, संगीत, दारू, समुद्रकाठच्या पार्ट्या. ती प्रेमात पडते युरीच्या, आणि युरी ज्यू. तिचा भाऊ माओ परदेशातून परतलाय तो एकदम धार्मिक होऊन. तो नमाज पढत असताना रिता आखूड चड्डीत त्याच्यासमोर येऊन उभी राहते आणि त्याची टर उडवते. दुसरा प्रसंग याहून गाजला. दोघं एकत्र असताना रिताची नजर सारखी युरीच्या गळ्यातल्या साखळीकडे जाते. साखळीत षट्कोनी तारा आहे, ज्यूंची खूण. तो शांतपणे साखळी काढतो आणि तिच्याच गळ्यात घालतो. विरोधकांनी या एका कृतीत झायोनिझमपासून (म्हणजे ज्यू राष्ट्रवादापासून) धर्मांतरापर्यंत सगळं वाचून दाखवलं. मला त्यात अठरा वर्षांच्या पोराचं साधं शहाणपण दिसतं. हिला ही गोष्ट खुपतेय ना, मग ती माझ्या गळ्यात नको.

हे प्रसंग कोणत्या कायद्याच्या सावलीत घडतात, हेही लक्षात घ्यावं लागतं. मोरोक्कोच्या दंडसंहितेचं कलम 222 म्हणतं, की मुस्लिम म्हणून ओळखल्या जाणाऱ्या व्यक्तीने रमजानमध्ये सार्वजनिक जागी उघडपणे रोजा मोडला तर एक ते सहा महिने कैद. कलम 490 प्रमाणे लग्नाबाहेरचे शरीरसंबंध हा गुन्हा. कुटुंब कायद्यानुसार मुस्लिम स्त्रीने बिगर-मुस्लिम पुरुषाशी लग्न करायचं, तर त्याने आधी धर्म बदलायला हवा. 2004मध्ये या कायद्यात, मुदव्वनात, मोठी सुधारणा झाली. मुलींच्या लग्नाचं वय 18 झालं, सज्ञान स्त्रीला लग्नासाठी वलीची, म्हणजे पुरुष पालकाची, सक्ती उरली नाही. धर्म बदलण्याची अट मात्र तशीच राहिली. म्हणजे रिता आणि युरी यांच्यापुढे मोरोक्कोत कायदेशीर वाट जवळपास नव्हतीच. शेवटी युरी गाडीच्या अपघातात जातो आणि रिता शिक्षणासाठी पॅरिसची वाट धरते. अपघात घडवून कथेची कोंडी फोडणं हा मला दिग्दर्शिकेचा पळ वाटतो. यांचं पुढे काय झालं असतं, हा खरा अवघड प्रश्न होता, आणि तो पडद्यावर यायला हवा होता.

आणि एक. 16 मे 2003च्या रात्री कासाब्लांकात आत्मघातकी स्फोट झाले. हल्लेखोर धरून 45 माणसं मेली. लक्ष्यांमध्ये ज्यू समाजाचं एक केंद्रही होतं. स्फोट करणारी पोरं सिदी मोमेन या झोपडपट्टीतली. त्यानंतर दोन वर्षांनी ज्यू मुलगा आणि मुस्लिम मुलगी यांची प्रेमकथा करणं हे धाडसच होतं. 1940च्या दशकाच्या अखेरीस मोरोक्कोत अडीच लाखांच्या घरात ज्यू होते, आता काही हजार उरलेत. 2011च्या राज्यघटनेच्या प्रास्ताविकात देशाच्या ओळखीतला हिब्रू प्रवाह नावानिशी नोंदवला गेला. ‘मारोक’ त्याच्या सहा वर्षं आधीचा, हे श्रेय मराक्शींना द्यायलाच हवं.

पण ज्या शहरातल्या झोपडपट्टीतून ती पोरं आली, ते शहर ‘मारोक’मध्ये कुठे आहे? स्वयंपाकघरात, गाडीच्या चालकाच्या जागेवर, बंगल्याच्या फाटकाशी. नोकर, मोलकरणी, रखवालदार येतात आणि जातात. कथेला त्यांची गरज नसते, घराला असते. संवाद बहुतांश फ्रेंचमध्ये, दारिजाचा शिडकावा तेवढा. कोणी म्हणेल, त्या थरातली पोरं अशीच बोलतात. खरंच तशी बोलतात. आपल्याकडच्या आंतरराष्ट्रीय शाळांच्या फाटकाबाहेर पाच मिनिटं उभं राहिलं तरी हे कळतं. मराक्शी त्याच थरातल्या आहेत आणि त्यांनी आपल्याला माहीत असलेलं दाखवलं, यात अप्रामाणिक काही नाही. मात्र चित्रपटाला स्वतःच्या नायिकेचं एक वैशिष्ट्य दिसत नाही : रिताच्या बंडखोरीला किंमत फारशी पडत नाही. तिच्या बापाचं नाव तिच्या पाठीशी आहे. कलम 222 तिच्या दिवाणखान्यात येत नाही.

ज्यांच्यापर्यंत ते कलम पोचतं अशीही माणसं आहेत. 2009च्या रमजानमध्ये व्यक्तिस्वातंत्र्याची मागणी करणाऱ्या ‘माली’ या गटाच्या मूठभर तरुणांनी मोहम्मदिया शहराजवळ दिवसाढवळ्या सहलीला जाऊन जेवायचं ठरवलं. खाणं बाजूलाच राहिलं, स्टेशनावरच पोलिसांचा ताफा हजर होता. सोबत सँडविचं, हेतू जाहीर. एवढ्यावर धरपकड झाली आणि देशभर गदारोळ. ‘मारोक’ला थिएटरात टाळ्या वाजवणारं शहर तीन वर्षांनी सँडविचला घाबरलं. पडद्यावरची रिता बंद दाराआड खात होती, ही मंडळी उघड्यावर खाणार होती. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे मोरोक्कोच्या मध्यम आणि वरच्या वर्गाचं अलिखित धोरणच आहे, आणि मूठ झाकायला घर मोठं लागतं.

आता तो दुसरा चित्रपट. 2015च्या मे महिन्यात नबील अय्यूश यांचा ‘मच लव्ह्ड’ कानला, ‘दिग्दर्शकांचा पंधरवडा’ या विभागात दाखवला गेला. अय्यूशही फ्रँको-मोरोक्कनच, जन्म पॅरिसचा. विषय माराकेशमधल्या देहविक्रय करणाऱ्या बायका, त्यांची गिऱ्हाइकं, त्यांच्या पैशावर जगणारी आणि त्यांनाच तोंड न दाखवणारी घरची माणसं. भाषा दारिजा, तीही रस्त्यावरची, शिव्यांसकट. काही तुकडे इंटरनेटवर पसरले आणि वणवा पेटला. मोरोक्कोच्या संपर्क मंत्रालयाने बंदी जाहीर केली. परवान्यासाठी अर्जदेखील झालेला नव्हता, तरी बंदी. मोरोक्कन स्त्रीचा अपमान आणि देशाच्या प्रतिमेवर आघात, असं कारण दिलं गेलं. प्रमुख भूमिका करणारी लुब्ना अबिदार हिच्यावर त्या वर्षी नोव्हेंबरात कासाब्लांकात हल्ला झाला. ती फ्रान्सला निघून गेली आणि पुढच्याच वर्षी सेझार या फ्रेंच चित्रपट पुरस्काराच्या सर्वोत्तम अभिनेत्रीच्या नामांकनांत तिचं नाव होतं.

माझ्या मुद्द्यावर आक्षेप येणार, तो रास्त आहे. 2006 आणि 2015 यांच्यात सत्ता बदलली होती. 2011च्या निवडणुकीनंतर पीजेडीचं सरकार आलं, ‘स्वच्छ कले’ची भाषा त्यांचीच, आणि संपर्क मंत्रीही त्याच पक्षाचे. साइल 2014मध्ये चित्रपट केंद्रावरून गेले होते. शिवाय अय्यूश यांचा चित्रपट कितीतरी अधिक उघडावाघडा. मग यात वर्ग आणि भाषा कुठून आणली?

सत्ताबदलाने बरंच उलगडतं हे मान्य. पण लोकांचा संताप पक्षाने आणला नव्हता, तो आधीच उसळला होता. त्या संतापाचा सूर ऐकला तर वारंवार एकच तक्रार ऐकू येते : या बायका आपल्या भाषेत बोलतात. दारिजातली शिवी प्रत्येकाला कळते. ती आईला, शेजारणीला, भाजीवाल्याला कळते. ‘मारोक’मधलं फ्रेंच हा मधला पडदा होता. ज्याला ते येत होतं तो स्वतःला त्या जगाचा मानून हसत होता, ज्याला येत नव्हतं तो म्हणत होता, ही बड्यांची थेरं, आपला काय संबंध. दोघांनाही आरशासमोर उभं राहावं लागलं नाही. माराकेशच्या बायका पडद्यावर आल्या तेव्हा ‘आपला काय संबंध’ म्हणायची सोय उरली नाही. देशाची बदनामी ही ओरड नेमकी अशा वेळीच होते, जेव्हा जगासमोर ठेवलेला देश आपल्याला ओळखू येतो.

शहाणपणाची टीका या गदारोळात कशी बुडून जाते, तेही ‘मारोक’च्या वेळी दिसलं. या चित्रपटात वर्गभान कमी आहे, त्याची नायिका भावाच्या धार्मिकतेला हसते पण ती कुठून आली हे विचारत नाही, असं म्हणायला तेव्हा जागा होती. ते म्हटलं की माणूस बंदीवाल्यांच्या रांगेत ढकलला जायचा. बंदीला विरोध केला की चित्रपटही महान म्हणावा लागायचा. समोर आलेल्या कलाकृतीला सरळ ‘ठीक आहे, निम्मी चांगली आहे’ म्हणण्याचं स्वातंत्र्य बंदीची मागणी सगळ्यांकडून हिरावून घेते.

आणि पॅरिस? तिथे ‘मारोक’ 2006च्या फेब्रुवारीत लागला. शाळांमध्ये डोक्यावरच्या रुमालाला मनाई करणारा कायदा होऊन दोन वर्षं झाली होती, उपनगरांतल्या दंगली ताज्या होत्या. रमजानमध्ये आखूड चड्डी घालून नमाजी भावाची टर उडवणारी मोरोक्कन मुलगी त्या वातावरणात कोणाच्या पथ्यावर पडणार, हे सांगायला नको. दोन्हीकडचा वाद तिच्या चड्डीभोवती फिरत राहिला. बंगल्यातल्या मोलकरणीचा पगार किती, हे ना मोरोक्कोच्या राजधानीला, रबातला, विचारायचं होतं ना पॅरिसला.

अस्ली यांच्या मूळ हरकतीकडे परत येतो, कारण ती हरकत मला चुकीची वाटते आणि तरी आदराने उत्तर द्यावीशी वाटते. बाहेर राहून, बाहेरच्या पैशाने, बाहेरच्यांसाठी आपलं घरचं चव्हाट्यावर मांडणं, हा त्यामागचा राग खोटा नाही. वसाहतीच्या आठवणी असलेल्या देशात तर नाहीच. मोरोक्कोत 1980च्या दशकात अडीचशेच्या आसपास चित्रपटगृहं होती, पुढे ती तीसच्याही खाली गेली. अशा देशात पहिला चित्रपट करू पाहणाऱ्याने पैसे आणायचे कुठून? सरकारी अनुदान आहे, ते अपुरं आहे. मग फ्रान्स. पैसा फ्रान्सचा आला की कथा निवडताना फ्रान्सच्या आवडीनिवडी खांद्यावरून डोकावणारच. पण यावर उपाय नागरिकत्वाचा दाखला मागणं हा नव्हे. तो दाखला मागितला, तर निम्मा मोरोक्कन चित्रपट परका ठरेल. अय्यूश परके ठरतील. फ्रान्सच्या उपनगरात मोरोक्कन घरात जन्मलेल्या, 2016मध्ये ‘दिव्हीन’साठी कानचा कॅमेरा दोर, म्हणजे सर्वोत्तम पहिल्या चित्रपटाचा पुरस्कार, मिळवणाऱ्या हुदा बेन्यामिना तर कुठेच बसणार नाहीत. त्यांच्या आणि मराक्शींच्या वाटेत काही साम्य नाही. एक केशकर्तन शिकलेली उपनगरातली मुलगी, दुसरी कासाब्लांकाच्या बंगल्यातली. 2020च्या ‘द एडी’ या पॅरिसमधल्या जॅझ क्लबवरच्या आठ भागांच्या मालिकेत दोघींनी दोन-दोन भाग दिग्दर्शित केले, आणि जगाने दोघींना एकाच ‘फ्रँको-मोरोक्कन’ खुंटीला टांगलं. या जोडशब्दात वर्ग दिसेनासा होतो, आणि मला तर वर्गच सगळ्यात आधी दिसायला हवा असतो.

मराक्शी स्वतः यातून काही शिकल्या का? मला वाटतं, हळूहळू. 2013चा ‘रॉक द कासबा’ पुन्हा बड्या घरातलाच, टँजियरच्या. बाप मेलाय (भूमिका ओमर शरीफ यांची, मेल्यावरही कथेत हिंडणारी), तीन दिवसांचा दुखवटा, लेकी जमल्यात, त्यातली एक अमेरिकेत नटी आहे. नादीन लबाकी, लुब्ना अझाबाल, हियाम अब्बास अशी तगडी मंडळी. विनोदी बाज सांभाळताना चित्रपट बऱ्याचदा घसरतो. पण यात दोन गोष्टी ‘मारोक’मध्ये नव्हत्या. मोलकरीण आता कडेला उभी नाही, घराचं मोठं गुपित तिच्याशीच बांधलेलं आहे. आणि मधोमध वारसाहक्काचा प्रश्न आहे.

तो प्रश्न मोरोक्कोतला सर्वांत हट्टी प्रश्न. मुलीला मुलाच्या निम्मा वाटा. नुसत्या मुलीच असतील तर संपत्तीचा काही भाग काका, चुलतभाऊ अशा पुरुष नातलगांकडे जातो. 2004च्या सुधारणेने त्याला हात लावला नाही. 2018मध्ये शंभर नामवंतांनी ही दुसरी तरतूद रद्द करण्याची मागणी करणाऱ्या पत्रकावर सह्या केल्या, कायदा हलला नाही. इथेही तीच गंमत आहे. ज्या बापाकडे वकील आणि नोटरी आहे, तो हयातीतच बंगला लेकींच्या नावे बक्षीस करून टाकतो. कायदा जसाच्या तसा, धर्म शाबूत, लेकी सुरक्षित. ज्याच्याकडे दोन खोल्यांचं घर आहे आणि नोटरीपर्यंत जायची रीतच माहीत नाही, त्याच्या लेकींच्या दारात बाप गेल्यावर चुलता उभा राहतो. ‘रॉक द कासबा’ने या बंगल्यातला अन्याय दाखवला. दोन खोल्यांमधला पुन्हा राहिलाच.

त्यानंतर मराक्शींनी हाती घेतलेला विषय म्हणूनच मला महत्त्वाचा वाटतो : स्पेनच्या वेल्वा प्रांतात स्ट्रॉबेरी खुडायला जाणाऱ्या मोरोक्कन बायका. दर हंगामाला हजारोंनी जातात. बंगला नाही, फ्रेंच शाळा नाही. 2018मध्ये त्यांच्यातल्या काहींनी लैंगिक छळाच्या आणि बुडवलेल्या मजुरीच्या तक्रारी केल्या, तेव्हा जगाला त्या दिसल्या. या गोष्टीत स्पॅनिश मळेवाला खलनायक करणं सोपं आहे. तसा चित्रपट झाला तर मोरोक्कोत त्याला कोणी हरकत घेणार नाही, उलट सरकारी सत्कार होईल. पण या बायकांची निवड होते ती मोरोक्कोतच, तिथल्या सरकारी रोजगार संस्थेच्या, अनापेकच्या मदतीने, आणि निवडीत पसंती असते ती घरी लहान मुलं असलेल्यांना. हेतू सरळ आहे : मुलं मागे राहिली की बाई परत येते. मुलांना ओलीस धरणारी ही अट रबात आणि माद्रिद दोघांनाही सोयीची. दारिजातल्या चित्रपटात ती अट तिच्या सगळ्या सरकारी शिक्क्यांसह आली, तर मोरोक्कोचं परवाना मंडळ काय करतं ते बघायचं.